एकची पाटी

सकाळी सव्वानऊला गेटवर सात गाड्या तटून उभ्या होत्या, हॉर्नवर हॉर्न वाजत होते, आणि गेट उघडायचं ज्याचं काम तो दत्तोबा पोकळे आत लॉबीत टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून उभा होता. पाच वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. गेला होता नुसती पाहुण्यांची वही आत द्यायला. एरवी त्या टीव्हीवर कंपनीची जाहिरात चालायची, हसणारी माणसं, निळं आभाळ, तिकडं कोण बघतंय. पण आज तिथं बॅट उगारलेला एक माणूस होता आणि त्याच्या शेजारून आकडे सावकाश वर सरकत होते, विहिरीतून बादली वर यावी तसे. दत्तोबा चौथी नापास. अक्षरं लावून वाचायची म्हणजे त्याला घाम फुटतो. आकड्यांचं तसं नाही. आकडे त्यानं हातानं उचललेत, त्यांचं वजन त्याला ठाऊक आहे. पडद्यावर गावांची नावं इंग्रजीत होती, ती काही लागत नव्हती, पण आकडा दिसला की गाव आपोआप कळत होतं. एकशे चार म्हणजे कोलंबो, पहिलं शतक. एकशे एकवीस, शारजा, वाळूचं वादळ येऊन मॅच थांबली होती ते. एकशे पन्नासला एक कमी, ते नागपूर, त्या दिवशी बायकोला, सरुबाईला, ताप होता आणि तो शेजारच्यांच्या खिडकीतून बघत होता. असे बावीस आकडे वर गेले. तेविसावा आला नाही. येणारच नव्हता. दत्तोबाला ते माहीत होतं, तरी तो थांबला, आणि आकडे परत पहिल्यापासून सुरू झाले.

"दत्ताकाका! अहो, बाहेर लाइन लागलीये. उभ्या उभ्या झोपता का आता?"

ती सृष्टी मॅडम, ऑफिसातल्या कार्यक्रमांचं बघणारी पोरगी, हातात दोन मोबाइल.

"न्हाई मॅडम. हे... हे यनार हायेत का?"

"उद्या. अ‍ॅन्युअल डे आहे ना, चीफ गेस्ट आहेत. तुम्ही ओळखता?"

"वळखतो म्हंजे, लांबून."

"लांबून सगळा देश ओळखतो हो त्यांना. तुम्ही आधी जवळचं गेट ओळखा."

गेट उघडलं. गाड्या आत गेल्या. पण दत्तोबाच्या कानात फोन वाजायला लागला होता. केबिनमधला नाही, तो गपगार पडला होता. हा दुसरा. काळा, जड, तबकडीचा, वाजला की सगळा पत्रा थरथरवणारा. तेरा वर्षं झाली, अजून वाजतो. कधी बसमध्ये वाजतो, कधी जेवताना. सरुबाई विचारते, काय झालं, मीठ कमी हाय का? तो मान हलवतो. मीठ बरोबर असतं.

तेव्हा तो स्टेडियमवर होता. गवताला पाणी घालायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, आणि मॅच असली की स्कोअरबोर्डाच्या पोटात जाऊन बसायचं. बोर्ड म्हणजे काय, दोन माळ्यांची लोखंडी पेटी, पुढून काळी, मागून उघडी, आत शिडी आणि दोन फळ्या. खालच्या फळीवर गेनबा, दत्तोबाच्याच गावचा, धायरीचा, दत्तोबाच्या चुलत्याच्या वयाचा. त्याच्याकडं टीमच्या धावा. वरच्या फळीवर दत्तोबा. त्याच्याकडं खेळणाऱ्या दोघांचे आकडे. पत्र्याच्या पाट्या, हातभर उंच, काळ्यावर पांढरा आकडा, वरच्या काठाला भोक, ते बोर्डाच्या लोखंडी हुकात अडकवायचं. समोर बसलेल्या तीस हजार लोकांना आकडे दिसायचे. आत बसलेल्या दोघांना आकड्यांची पाठ. सगळ्यांची सारखी, गंजकी. शून्य काय आणि नऊ काय. म्हणून पाठीवर खडूनं छोटं लिहून ठेवायचं. मैदान बघायचं ते दोन पाट्यांच्या मधल्या फटीतून. अख्खी मॅच बोटभर रुंदीची. बॉलर पळत यायचा तो फटीत मावायचा नाही, अर्धाच दिसायचा, मग दिसेनासा व्हायचा, आणि मग लोकांचा आवाज. दत्तोबाला लोकांच्या आवाजावरून कळायचं किती झाल्या. चाराचा आवाज वेगळा, सहाचा वेगळा. आऊटला आवाज नसतोच, आऊट झाला की वारा पडल्यासारखं होतं.

आणि गेनबाचा एक नेम होता. खेळणारा नव्वदीत शिरला की एकची पाटी बगलेत धरायची. शंभर होईपर्यंत खाली ठेवायची नाही, फळीला टेकवायची नाही, घाम आला तरी हात बदलायचा नाही. टेकवली की गडी गेला. "एक म्हंजी तान्हं पोर हाय," गेनबा म्हणायचा, "खाली ठिवलं की रडतंय." यावर कोण हसायचं नाही. दुपारच्या उन्हात पत्रा तापून बगलेत चटका बसायचा, तरी दत्तोबा धरून बसायचा. कितीदा धरली आणि नव्वदीत गडी गेला, ती पाटी मग तशीच ऊबदार परत खोक्यात टाकायची, त्याचं त्यालाच वाईट वाटायचं.

टीव्हीवर दिसला त्या ओपनरला दत्तोबानं नाव ठेवलं होतं सुरुंग. देशानं त्याला मोठमोठी नावं दिली, पण दत्तोबाच्या तोंडात सुरुंगच. त्याला कारण होतं. दत्तोबाचा बाप विहिरी फोडायचा. धायरीत तेव्हा शेतं होती. आता जिथं चौदा माळ्यांची बिल्डिंग आहे आणि खाली पोहायचा हौद, तिथं त्याच्या बापानं खडकात भोकं पाडून दारू ठासली होती. वात पेटवली की बाप पळत येऊन लिंबाच्या झाडामागं पोराशेजारी बसायचा, त्याच्या कानांवर आपले खडबडीत हात दाबायचा. मग ती गप्प वेळ. पाखरू नाही, पान नाही, बापाच्या हातांतून आपलंच रक्त वाजताना ऐकू यायचं. मग जमीन खालून ढुशी मारायची, आणि आवाज मागून, आणि खडे सगळ्यात शेवटी, पानांतून टपटप टपटप. हा अकोल्याकडचा पोरगा पहिल्यांदा पुण्यात खेळायला आला आणि पहिल्याच बॉलला पुढं सरसावला तेव्हा फटीला डोळा लावून बसलेल्या दत्तोबाला तीच गप्प वेळ ऐकू आली. बाकीचे ओपनर बॉल जुना व्हायची वाट बघायचे, हा पहिल्या बॉललाच वात लावायचा. बॉल स्टँडच्या पत्र्यावर पडला, आणि दत्तोबाला वाटलं, आता खडे पडतील. बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. कानांवर हात आल्यासारखे वाटले. त्या दिवसापासून तो माणूस त्याच्या घरातला झाला.

आणि त्याच दिवशी ते झालं. नव्वद झाले, दत्तोबानं एक बगलेत घेतली. त्र्याण्णव. शहाण्णव. दोन शून्यं डाव्या हातात तयार. स्पिनर टाकत होता. सुरुंग खाली बसला, बॅट आडवी फिरवली, बॉल मागं गेला आणि लोकांचा आवाज आला. चाराचा आवाज. दत्तोबानं नऊ काढला, सहा काढला, एक, शून्य, शून्य. तीन पाट्या हुकांत बसल्या, खट खट खट. अंपायरनं चौकार दाखवला होता. आणि मग गुडघा उचलून त्यावर थाप मारली होती, की बॉल बॅटला नाही, पायाला लागून गेला, लेगबाय, धावा टीमच्या, गड्याच्या नाहीत. ती थाप दत्तोबाला दिसली नाही. ते खरंय. पाटी लावणाऱ्याला त्या वेळी फटीत बघता येत नाही. पण इथवरच खरंय. कारण लगेच फोन वाजला. स्कोअररांच्या खोलीतून फोन मॅच चालू असताना एकाच कामाला येतो, पाटी चुकली की. दत्तोबाला कळलं. खालून गेनबा ओरडला, "दत्ता, फोन!" फोन दत्तोबाच्या गुडघ्याजवळ होता. आणि बाहेर तीस हजार माणूस उभं राहिलं होतं, फटाके लागले होते, पत्रा लोकांच्या आवाजानं गुणगुणत होता, आणि फटीत, अगदी बोटभर फटीत, तो हेल्मेट काढून उभा होता, केस ओले, बॅट वर. पॅव्हेलियनकडं नव्हे. बोर्डाकडं. दत्तोबाकडंच म्हणा. आणि दत्तोबा टाळ्या वाजवत होता. अंधारात, पत्र्यामागं, कोणाला दिसत नसताना. फोन वाजत होता आणि तो टाळ्या वाजवत होता. एवढं एक होऊ दे, एवढा एक बॉल. मग उचलतो.

तो एक बॉल पडला. सुरुंगनं उचलून मारला, वर, फार वर, आणि मग तो वारा पडल्यासारखा आवाज. तो परत निघाला, भरभर, बॅट काखेत, आणि लोक उभे राहून त्याला सोडायला. तो दिसेनासा झाल्यावर दत्तोबानं फोन उचलला. पलीकडचा माणूस आईबहिणीवर आला होता. पाट्या उतरल्या, नऊ आणि सहा परत चढले, आणि मैदानभर एक आवाज झाला, तो दत्तोबानं पहिल्यांदा ऐकला आणि परत कधी ऐकू नये. गेनबा म्हणाला, "फोन बिघडल्याला व्हता. काय? बिघडल्याला व्हता." साहेबांनी फोनची वायर बदलली. पेपरात आलं की शतकाच्या तोंडावर बेजबाबदार फटका, पोराला डोकं नाही. पुढच्या तीन मॅचमध्ये तो दोन आणि शून्य आणि अकरा, मग दीड वर्षं टीमच्या बाहेर. दीड वर्षं. तो अकोल्याला काय करत असेल, कुठं बसत असेल, कोणत्या भिंतीकडं बघत असेल, हे दत्तोबा रोलर ओढता ओढता बघायचा. परत आला तेव्हा त्यानं एकामागं एक शतकं ठोकली, दत्तोबानं प्रत्येकाला देवापुढं साखर ठेवली, पण त्याचं काही फिटेना. बावीस झाली तरी दत्तोबा त्या न झालेल्या तेविसाव्याजवळच उभा. मग विजेचा बोर्ड आला, पाट्या भंगारात गेल्या, गेनबा गेला, दत्तोबा येरवड्याला भाड्यानं राहायला आला आणि खराडीच्या या गेटवर लागला. भंगाराच्या गाडीतून त्यानं एकच पाटी काढून घेतली. कोणती ते सांगायला नको.

ती पाटी सरुबाईच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून होती. त्या संध्याकाळी दत्तोबा पिंपापुढं उभा राहिला.

"काय बघताय? पानी भरल्यालं हाय."

"ही पाटी उद्या न्यायचीय."

"मग पिंपावर काय झाकू, तुमची टोपी?"

त्यानं सांगितलं कोण येणार आहे ते. सरुबाई भाकरी थापायची थांबली. तिला सगळं माहीत होतं. एवढ्या वर्षांत तिला एकटीलाच सांगितलं होतं त्यानं.

"आन् काय सांगनार त्याला? तेरा वर्सं झाली. चार गाड्या असतील त्याच्या दारात. तुमच्या एका पाटीनं त्याचं काय अडलंय?"

"त्याचं न्हाई अडलं."

"मग?"

सरुबाईनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसला, पाटी उचलून पदरानं कोरडी केली आणि पिंपावर परात पालथी घातली. "नीट गुंडाळून न्या," म्हणाली, "बसमधी कुनाला लागंल."

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा दत्तोबानं सलाम ठोकला आणि काळ्या काचेत त्याला फक्त आपलीच टोपी दिसली. गाडी आत गेली. पाटी केबिनमध्ये स्टुलामागं, पोत्यात. लॉनवर मांडव, कर्णे लावलेले, टाळ्या लांबून येत होत्या. दत्तोबानं कान टवकारले. या टाळ्यांवरून त्याला काहीच कळेना. चाराच्या नाहीत, सहाच्या नाहीत, सगळ्या एकाच मापाच्या. ऊन काचांवरून सरकत होतं. अख्खी बिल्डिंग त्याला एकदम त्या बोर्डासारखी वाटली, समोरून चकाचक आणि आत माणसं आपापल्या फळीवर बसलेली, पुढून काय दिसतंय ते न बघता. काय बोलायचं ते त्यानं जुळवून ठेवलं होतं. साहेब, तुमचं एक शतक मी खाल्लं. नाही, खाल्लं कसं, ते नव्हतंच. साहेब, तुमची विकेट मी काढली. हेही बरोबर नाही. नुसती पाटी दाखवली तर? त्याला कळेल? त्याला पुणं तरी आठवत असेल? आणि आठवत असेल तर, तो म्हणाला, असं होय, तो तू होतास होय, तर मग कुठं बघायचं? दीड वर्ष परत कसं द्यायचं माणसाला? बापानं एकदा वात पेटवली आणि सुरुंग उडालाच नाही. सगळे झाडामागं बसून राहिले. बाप म्हणाला, आता कोणी हलायचं नाही, न उडालेला सुरुंग सगळ्यात वाईट. दुपार कलेपर्यंत बसले. दत्तोबाला वाटलं, आपण अजून त्या झाडामागंच बसलोय.

"भाऊ, माचिस हाये का?"

दत्तोबानं मान वर केली. केबिनच्या सावलीत एक जाडसर माणूस उभा, कोट हातावर, ओठात सिगारेट. केस मागं गेलेले. डोळे तेच. टीव्हीवरच्यापेक्षा बुटका.

दत्तोबानं काडी पेटवली, पण ती विझली. दुसरी त्या माणसानं स्वतः पेटवली. "आत भाषणं चालू हायेत," तो म्हणाला, "जीव घाबरा झाला. दोन झुरके मारतो आन् जातो. तुमच्या मॅडमले सांगू नका."

"साहेब," दत्तोबा म्हणाला. जुळवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. तो वाकला, पोत्यातून पाटी काढली आणि दोन्ही हातांनी समोर धरली, ताट धरतात तशी. "नेहरू स्टेडियम. तुमचे शहान्नव. बोर्डात मी व्हतो."

सुरुंग पाटीकडं बघत राहिला. सिगारेट तशीच जळत.

"फोन आला व्हता," दत्तोबा म्हणाला. "बिघडल्याला नव्हता. वाजत व्हता. मी उचलला न्हाई. तुमी बॅट वर केली व्हती आन् मी... माझे हात टाळ्या वाजवत व्हते. म्या पाटी येळंवर काढली असती तर तुमी सबुरीनं खेळला असता. ते दीड वरीस माज्यामुळं गेलं तुमचं. एवढंच सांगायचं व्हतं." आणि त्यानं डोळे मिटून घेतले, लिंबामागं बसतात तसे.

गप्प वेळ. कर्ण्यावर कोणीतरी कंपनीची भरभराट सांगत होतं, ते फार लांब गेलं.

"पायाले लागला होता," सुरुंग म्हणाला.

दत्तोबानं डोळे उघडले.

"मले काय समजत नाही काय, भाऊ? बॅटले लागला का पायाले, ते ज्याचा पाय त्याले समजते. इथं," त्यानं गुडघ्याखाली हात लावला, "आठ दिवस निळं होतं. मी बोर्डाकडं पाह्यलं तं शंभर. लोक उभे. माही माय स्टँडमधी बसली होती, पहिल्यांदाच आली होती मॅच पाहाले, तिले काही समजे ना खेळातलं, पण सगळे उभे राह्यले म्हणून तेही उभी राह्यली. आता तिले काय सांगू, बस म्हणू?" त्यानं झुरका घेतला. "म्हणून केली बॅट वर. बोर्डाकडं यासाठी केली का पॅव्हेलियनमधले तर हातानं नाही नाही करत होते. आन् पुढचा बॉल..." तो हसला, आणि हसताना अगदी पोरगा दिसला. "पुढचा बॉल म्या मुद्दाम हवेत टाकला. म्हटलं पाटी निघाच्या आत आपण निघून जावं. मायनं मले शंभरावरून येताना पाह्यलं. माय मरेपर्यंत सांगे गावात, पुण्याले माह्या पोरानं शंभर केले. कोणी दुरुस्त नाही केलं. दीड वर्ष बाहेर बसलो, कोणाले बोललो नाही. मले वाटे, त्या बोर्डात कोणी झोपला असंन."

"झोपलो नव्हतो," दत्तोबा म्हणाला.

"ते आता समजलं."

मग सुरुंगनं पाटी दत्तोबाच्या हातातून घेतली, उलटी केली, मागचा गंज बघितला, खडूचा पुसट एक बोटानं चाचपला. बगलेत धरून बघितली. "गरम हाये," म्हणाला. केबिनच्या दर्शनी बाजूला रेनकोट अडकवायचा खिळा होता. त्यानं टाचा उंच करून पाटीचं भोक त्यात अडकवलं. खट.

आणि तेव्हाच केबिनमधला फोन वाजला. सृष्टी मॅडमच असणार. पाहुणे खुर्चीवर नाहीत, सत्काराची शाल हातात घेऊन साहेब लोक उभे. पत्र्याचं केबिन थरथरलं. सुरुंगनं फोनकडं बघितलं आणि मग दत्तोबाकडं. दत्तोबा फोनकडं गेला नाही. तो मागं सरकत निघाला, एक पाऊल, दोन पावलं, पार रस्त्याच्या मधोमध, आणि तिथं उभा राहून त्यानं वर बघितलं. पिंपावरची पाटी त्यानं रोज बघितली होती. पण टांगलेली, लोकांच्या बाजूनं, आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. काळ्यावर पांढरा, सरळ उभा, उन्हात. खाली एक जाडसर माणूस कोट हातावर टाकून, कुठं बघावं ते न कळून, हसत उभा.

फोन वाजत होता. दत्तोबाचे हात आपोआप एकमेकांजवळ आले.